‘येईल हळूहळू’ म्हणण्याआधी



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण गेलं वर्षभर माझ्या मुलीच्या वाचनाच्या अडचणीसाठी शाळा, दवाखाना आणि तज्ज्ञ यांच्याकडे फिरतोय. तुमच्यापैकी काहींची मुलं लहान आहेत, काहींची भाचरं-पुतणे शाळेत आहेत. म्हणून हे तुमच्यापुढे मांडतो.

मुलगी तिसरीत आहे. दादीकडून ऐकलेली गोष्ट ती बारीकसारीक तपशिलासह सांगते. पुस्तक हातात दिलं की अडखळते. ‘बी’ आणि ‘डी’ यांची अदलाबदल होते. मराठीत काना, वेलांटी सुटते. एका ओळीत बरोबर वाचलेला शब्द पुढच्या ओळीत चुकतो. छोट्या सुरा तिने ऐकून पाठ केल्या, पण कायदा वाचताना बे, ते, से यांच्या नुक्त्यांत गोंधळते. पाठांतर चांगलं म्हणून घरचे म्हणायचे, ‘हुशार आहे, कंटाळा करते.’ नातेवाइकांपैकी कुणी नजर लागली म्हणालं, कुणी म्हणालं, ‘मुलगी आहे, एवढं काय मनावर घेता?’

शाळेने सांगितलं, ‘घरी इंग्रजी बोला.’ हे उत्तर आपल्याकडच्या बऱ्याच पालकांना मिळतं. आपल्या घरात दखनी किंवा उर्दू, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. तेव्हा प्रश्न भाषेचा की वाचनाचा, हे पाहावंच लागतं. पण ते तपासून ठरवायचं असतं. नवी भाषा कमी कानावर पडली असेल, तर अडचण मुख्यतः त्या भाषेत दिसते. इथे तीन लिप्यांत तीच अडचण होती. तीन भाषा बोलल्यामुळे डिस्लेक्सिया होत नाही. म्हणून आम्ही घरची बोली बंद केली नाही.

तपासणीचा क्रम लक्षात ठेवा. आधी डोळे आणि कान. मग बालरोगतज्ज्ञ. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बुद्धीची चाचणी घेतात आणि विशेष शिक्षक वाचन, लेखन, गणित तपासतात. जाताना मुलांच्या जुन्या वह्या सोबत न्या. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, शाळेतली भाषा कधी सुरू झाली, हे लिहून न्या. चाचणी कोणत्या भाषेत होणार, हे आधीच विचारा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली ‘डाली’ नावाची डिस्लेक्सिया-चाचणी आणली, ती मराठीतही आहे. सुरुवातीच्या चार भाषांत उर्दू नव्हती. उर्दू माध्यमातल्या मुलांसाठी ही उणीव मोठी आहे.

खासगी तपासणी महाग पडते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत मूल असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि त्यातून पुढच्या तपासणीसाठी सरकारी केंद्राकडे पाठवतात.

कायदाही आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातल्या २१ प्रकारांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे. अशी मुलं लवकरात लवकर ओळखून योग्य पद्धतीने शिकवणं, ही शाळांची जबाबदारी कलम १६ मध्ये लिहिलेली आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक मिळू शकतो. त्यासाठी सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं, खासगी अहवाल पुरत नाही. निदान साधारण आठव्या वर्षानंतर पक्कं करतात. पण शिकवण्यातली मदत त्याआधीही सुरू करता येते, तिला कागद लागत नाही.

आमच्या घरात खरा वाद या कागदावरच झाला. ‘नावापुढे दिव्यांग लागलं तर उद्या तिच्या लग्नाचं काय?’ असं वडीलधाऱ्यांनी विचारलं. त्यांची काळजी मी समजू शकतो. पण कागद टाळला म्हणून अडचण जात नाही. मग मूल वर्गात ‘ढ’ ठरतं, दहावीत अडकतं आणि मुलगी असेल तर शाळाच सुटते. तज्ज्ञांनी घरच्यांना समोर बसवून सांगितलं की, मुलीची बुद्धी वयाला साजेशी आहे, फक्त अक्षर आणि आवाज यांची जोडी जमायला तिला जास्त सराव हवा. ते ऐकल्यावर अम्मी एवढंच म्हणाली, ‘मग तिला रागवायचं कशाला?’

यावर औषध नाही. आठवड्यातून तीन दिवस विशेष शिक्षिका तिला शिकवतात, घरी रोज पंधरा मिनिटं सराव. प्रगती सावकाश आहे. पण ‘पोट दुखतंय’ म्हणून शाळा बुडवणं थांबलं आहे.

तुमच्यापैकी अनेक जण मोहल्ल्यातल्या अभ्यासिकांत शिकवता. तिथे एखादं मूल तोंडी छान उत्तर देत असेल आणि वही कोरी ठेवत असेल, तर त्याला दहा वेळा लिहायची शिक्षा देऊ नका. काय चुकतं त्याची नोंद महिनाभर ठेवा आणि ती घेऊन त्याच्या आई-वडिलांना भेटा. सोबत दवाखान्यातही जा. अर्ज भरता न येणाऱ्या पालकांना तुमच्या तासाभराचा मोठा आधार होईल.

आता प्रश्न विचारा.