अमेरिकेतील गुलाम आणि आपला सातबारा
(डोंबिवली येथील भाषण)



जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार प्रभृतींनी मुंबईत दलित पँथर उभी केली. नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरांचे. या नात्याचा आर्थिक धडा कोणता?

१८६५ मध्ये तेथील गुलामी कायद्याने संपली. परंतु मुक्तांना देऊ केलेली बहुतेक जमीन अध्यक्ष जॉन्सन यांनी जुन्या मळेवाल्यांनाच परत केली. मुक्त माणूस कर्जबाजारी वाटेकरी झाला. आपल्याकडेही अस्पृश्यता कायद्याने गेली, भूमिहीनता राहिली. म्हणूनच पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात जमिनीची मागणी होती.

कार्यकर्त्यांनी समतेच्या घोषणा जरूर द्याव्यात. मात्र सातबारा कोणाच्या नावे आहे, हे आधी विचारावे.