विकत आणण्याआधी मोजा



सोलापूरच्या ज्या शाळेने मला घडवलं तिच्याच व्यासपीठावर प्रमुख पाहुणा म्हणून बोलायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. करिअरबद्दल बोला, असं निमंत्रणात सुचवलेलं आहे. पण माझं सगळं सांगणं एकाच आग्रहाशी येऊन थांबतं. वीस वर्षांचे होण्याआधी एक जुनं, कामाचं, विजेवर चालणारं वाहन निवडा, ते बारकाईने मोजा आणि रेडिओ रिमोटवर चालणारं त्याचं प्रमाणबद्ध मॉडेल स्वतःच्या हाताने पूर्ण करा. तयार किट विकत आणू नका. हा छंद मुलांच्या खेळण्यांत मोडतो असं आपल्याकडे समजतात. हे शिक्षणच आहे, आणि चांगलं शिक्षण आहे, हे मला आज तुम्हाला पटवून द्यायचं आहे.

उदाहरण आपल्याच घाटातलं घेऊ. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेची गाडी धावली. पुढच्या चार-पाच वर्षांत विजेची तार घाट चढून पुण्याला पोचली. सोलापूरच्या मार्गावर ती यायला त्यानंतर कित्येक दशकं लागली. बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर. त्या चढावर मालगाड्या ओढण्यासाठी त्या काळच्या जीआयपी रेल्वे कंपनीने १९२८ पासून जी इंजिनं आणली, त्यांतली पहिली स्वित्झर्लंडच्या कारखान्यात तयार झाली होती. मधे चालकाची केबिन, दोन्हीकडे पुढे आलेली लांब नाकं, खाली चाकांना जोडणारे लोखंडी दांडे. रेल्वेच्या माणसांनी त्याला खेकडा म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. एका इंजिनाचं वजन सुमारे १२५ टन. त्यांतलं ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड घाटात याच घराण्यातलं मगर नावाचं इंजिन होतं, आणि जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १९३० च्या दशकातच त्याचं खेळणं बाजारात आणलं. तिकडच्या मुलांच्या हाती त्यांच्या घाटाचं इंजिन आलं. आपल्या मुलांच्या हाती आपला खेकडा द्यायचा तर तो आपणच घडवायला हवा.

आता समजा या खेकड्याचं विसाव्या मापाचं मॉडेल करायचं ठरवलं. लांबी विसावा भाग, पृष्ठभाग चारशेवा भाग आणि वजन आठ हजारावा भाग. म्हणजे १२५ टनांचे होतात साडेपंधरा किलो. पीव्हीसीच्या पत्र्यातून केलेलं मॉडेल भरेल जेमतेम दोन-तीन किलो. त्यात छोटी गिअर मोटर, बॅटरी, वेग बदलणारं सर्किट आणि रेडिओचा रिसीव्हर बसवला. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे रूळ १८५ सेंटिमीटरच्या फळीवर ठोकले आणि फळीचं एक टोक पाच सेंटिमीटर उचललं, की बोरघाटाचा चढ वर्गात तयार होतो. मॉडेलला मागे ओझं लावून रिमोटचा खटका दाबला, की चाकं जागच्या जागी फिरण्याची शक्यता जास्त. मोटर कमी पडलेली नसते, रुळावरची पकड कमी पडलेली असते. मग मुलं आत शिसं भरतात, वजन वाढवतात, आणि गाडी चढू लागते. इंजिनाचं वजन हा त्याचा दोष नव्हता, ओढण्याच्या कामाचा तो निम्मा भाग होता, हे त्या दिवशी कळतं. ते पाठ करावं लागत नाही आणि विसरताही येत नाही. खरा खेकडा उतारावर मोटारींनाच जनित्र करून वीज तारेत परत पाठवत असे. मॉडेल फळीवरून खाली सोडताना मोटारीच्या तारांना छोटा दिवा जोडून पाहा. गिअरचं प्रमाण जमलं असेल तर तो पेटतो. आज विजेवरच्या रिक्षांच्या जाहिरातीत जे तंत्र नवीन म्हणून सांगतात, ते घाटात जवळपास शंभर वर्षांपूर्वी काम करत होतं.

कामाचंच वाहन का, शर्यतीची गाडी का नको, असं मुलं विचारतील. शर्यतीची गाडी पळाली की संपलं. कामाच्या वाहनाला ओझं, चढ, थांबे आणि दिवसभराची बॅटरी या सगळ्यांचा हिशेब द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये दारोदार दूध पोचवणाऱ्या बॅटरीच्या गाड्या विसाव्या शतकात हजारोंनी होत्या. त्यांचा वेग बेताचा होता, पण रस्ता ठरलेला, थांबे पुष्कळ, पहाटे आवाज नको आणि रात्रभर चार्जिंगला वेळ, म्हणून त्या कामाला त्या चपखल बसल्या. काम आधी पाहावं आणि यंत्र त्यावरून ठरवावं, ही शिस्त त्या दूधगाडीत आहे. शिवाय जुन्या यंत्रात दांडा, गिअर, धुरा सगळं डोळ्यांना दिसतं. नव्या यंत्राचं झाकण उघडलं तरी आत एक बंद डबीच मिळते.

यावर पहिला आक्षेप पालकांचा: दहावीच्या वर्षी हे कशाला? आठवीत, नववीत करा, असं माझं उत्तर आहे. प्रमाण, क्षेत्रफळ, घनफळ, घर्षण, विद्युतधारा हे अभ्यासक्रमाच्या बाहेरचं नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. यातली सर्वांत महाग वस्तू रिमोट, पण एक रिमोट अख्ख्या वर्गाला पुरतो. बाकी पत्रा, पट्ट्या, स्क्रू हे भंगारातून मिळतं. तिसरा आक्षेप शिक्षकांचा, की प्रयोगशाळेत रोबोटचे संच आहेत, अटल टिंकरिंग लॅबसाठी अनुदानही मिळतं. ते संच जरूर वापरा. पण विज्ञान प्रदर्शनात अडथळा टाळणारी तीच चारचाकी गाडी टेबलामागून टेबलावर दिसते, कारण संचाबरोबर उत्तरही आलेलं असतं. खेकड्याच्या दांड्याची लांबी चुकली तर चाक अडकतं, आणि ते कुणाच्या मार्कांकडे पाहत नाही. संगणकावर काढलेलं चित्रही तिथे सुटका करत नाही, कारण चित्रातल्या धुऱ्याला घर्षण नसतं.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. गाड्या, सिग्नल, सर्कस, वस्ती, सगळं छोट्या मापात चालतं. एका माणसाचा छंद पुढे शहराचं वैभव होतो, याचा तो पुरावा आहे. शाळेची सहल तिकडे जरूर न्या.

पण त्याआधी समोर पाहा. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून सोलापूरचा दिवस भोंग्यावर चालला. त्या गिरण्या गेल्या, त्यांच्या आठवणीने अजून गळा दाटतो, पण माग चालते ठेवणारी माणसं गेली नाहीत. आज या मंडपात यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर बसले असतील. धोटा का अडकला हे त्यांना आवाजावरून कळतं. गोदूताई परुळेकर घरकुलातल्या विडी कामगार आया बसल्या असतील. पत्र्याच्या फर्म्यावर पान कापताना माप चुकलं की विडी छाट जाते आणि मजुरी बुडते. मापाची किंमत या गावात त्यांच्याइतकी कुणाला माहीत आहे? मुलांनो, मॉडेल करताना अडलात तर व्हिडिओ शोधण्याआधी या माणसांना विचारा. आणि मुली केवळ सजावटीचा रंग देणार, यंत्र मुलं जोडणार, अशी वाटणी करू नका.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. कार्यानुभवाच्या खोलीत एक मजबूत टेबल, एक व्हर्निअर कॅलिपर, एक सोल्डरिंग गन आणि एक रिमोट ठेवा, एखाद्या जॉबरला महिन्यातून एकदा मानाने बोलवा, आणि दर शनिवारी दुपारी एका शिक्षकाच्या देखरेखीखाली त्या खोलीची किल्ली नववीच्या मुलामुलींकडे द्या.