आपल्या गाण्यांचा रेडिओ

डोणगावातून आम्ही बचत गटातल्या चौघी बोलतोय.

दर आठवड्याला आम्ही मोबाईलवर अर्ध्या तासाचा गाण्यांचा कार्यक्रम करतो आणि इंटरनेटवर टाकतो. त्यात जात्यावरची ओवी असते, भुलाबाईचं गाणं असतं, भीमगीत असतं आणि शेजारच्या खालांचं लग्नातलं गाणंही असतं. आमचा स्टुडिओ म्हणजे धान्याची खोली. भिंतीला गोधड्या टांगल्या की आवाज घुमत नाही. पंखा बंद करायचा, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब धरायचा.

तेलंगणात माचनूर इथं दलित महिलांनी २००८ साली संघम रेडिओ सुरू केला. तो एफएमवरचा, म्हणून आसपासच्या गावांत ऐकू येतो. इंटरनेटवरचं गाणं मात्र कुठंही पोचतं. पुण्याला कामाला गेलेली लेक ऐकते, तसे सासरचेही ऐकतात.

ओवीत बाई मनातलं बोलते. सासूचा जाच, माहेरची आठवण, सगळंच. जात्यापाशी ते तिथंच राहायचं. म्हणून आम्ही आधी गाणारीला रेकॉर्डिंग ऐकवतो आणि विचारतो, "आजी, हे सगळ्यांना ऐकवू का? नाव सांगू का?" ती नको म्हणाली, तर पुसून टाकतो.

हो म्हणाली, तर नाव आणि गाव अगत्यानं सांगतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांच्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्यांतही गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं सापडतं.

तुमच्या गटातही गाणाऱ्या असतील. त्यांना विचारा, मग मोबाईल सुरू करा.