कोटेशनमधलं ग्राफिक्स कार्ड

आज कॉम्प्युटरबद्दल बोलायचंय. लगेच रेडिओ बंद करू नका. चुलीवर काही असेल तर आच जरा कमी करा आणि ऐका. विषय कॉम्प्युटरचा वाटला तरी आहे तो आपल्या गटाच्या पैशांचा.

आमच्या ग्रामसंघानं मागच्या वर्षी नवीन कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. मसाल्याची लेबलं छापायची, बिलं काढायची, हिशोबाचे तक्ते करायचे, इतिवृत्त टाइप करायचं. काम एवढंच. तालुक्याच्या एका दुकानातून कोटेशन आणलं. ते निघालं ५६,८०० रुपयांचं. त्यात एक ओळ होती, ग्राफिक्स कार्ड ११,५०० रुपये. मी दुकानदाराला विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "ताई, लेबलात रंगीत चित्रं येणार, मराठी टायपिंग येणार, त्याला हे लागतंच." मी मान हलवली. बीए झालेली बाई मी, पण बीएला मराठी आणि इतिहास होता, ग्राफिक्स कार्ड नव्हतं.

बैठकीत कोटेशन वाचलं तेव्हा आमच्या अध्यक्ष काकूंनी एकच प्रश्न विचारला. "अगं, अकरा हजाराचं काय ते एका वाक्यात सांग. मग मी सही करते." मला सांगता येईना. काकूंनी पेन खाली ठेवलं.

तिथून मी शोधायला लागले. आमच्याच गटातल्या एका मावशींचा मुलगा कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्याच्याकडे दोन रविवार बसले. जे समजलं ते सांगते.

तुमच्यासमोरचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे वीस लाखांहून जास्त. ही रांगोळी साधारणपणे सेकंदाला साठ वेळा नव्यानं दाखवली जाते. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायचा हिशोब कुणीतरी करायला हवा. तो करतं ग्राफिक्स.

लग्नातला स्वयंपाक आठवा. एक जाणता आचारी असतो. त्याला भाजी, आमटी, जिलबी सगळं येतं, काय आधी आणि काय नंतर तेही कळतं. तो म्हणजे प्रोसेसर. पण हजार पोळ्या लाटायच्या असतील तर आचारी एकटा काय करणार? तिथं पन्नास बाया लागतात. प्रत्येकीला एकच काम, पण सगळ्या एकाच वेळी. त्या पन्नास जणी म्हणजे ग्राफिक्सची चिप. मोठमोठे गेम, सिनेमाचं एडिटिंग, घराचे थ्रीडी नकाशे आणि सध्या ज्याची चर्चा आहे ते एआय, या सगळ्यांत पोळ्याच पोळ्या असतात. म्हणून तिथं वेगळं, ताकदीचं कार्ड लागतं. आपलं लेबल आणि हिशोबाचा तक्ता म्हणजे घरातल्या पाच माणसांचा स्वयंपाक. त्याला पन्नास बाया कशाला बोलवायच्या?

आणि पाच माणसांपुरत्या पोळ्या लाटणारं कुणीतरी बऱ्याच प्रोसेसरच्या आतच असतं. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. मराठी अक्षरं, रंगीत फोटो, यूट्यूबचा व्हिडिओ, ऑनलाइन मीटिंग, सगळं त्यावर चालतं. कार्ड लावलं म्हणून इंटरनेट वेगानं चालतं हेही खरं नाही. इंटरनेट रेंजवर आणि प्लॅनवर चालतं. कार्डावर "चार जीबी" लिहिलं म्हणजे ते दोन जीबीच्या दुप्पट चांगलं, हाही गैरसमज. तो आकडा कार्डाजवळची साठवण किती ते सांगतो. लाटणाऱ्या बाया किती आणि किती हुशार, ते त्यातून कळत नाही.

एवढं शिकून मी पदर खोचला आणि दुकानात गेले. म्हटलं, कार्ड काढा कोटेशनमधून. तर दुकानदार हसला. म्हणाला, "काढतो ताई, पण मग पडदा काळाच राहील." मला वाटलं, फसवतोय. पण तो खरं बोलत होता! फजिती माझीच झाली. त्यानं कोटेशनमध्ये जो प्रोसेसर लावला होता त्याच्या नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर होतं. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरमध्ये नावाच्या शेवटी एफ असेल तर त्याच्या आत ग्राफिक्स वापरायला मिळत नाही. मग वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. तोच प्रोसेसर एफ नसलेला घेतला तर दोन-अडीच हजार जास्त, पण साडेअकरा हजारांचं कार्ड वाचतं. म्हणजे आधी स्वस्त प्रोसेसर दाखवायचा आणि मग त्यापायी कार्ड गळ्यात. त्यानं मुद्दाम केलं की नेहमीचा ठरलेला संच आम्हाला दिला, ते मी ठरवणार नाही. पण आम्ही विचारलं नसतं तर नऊ हजार रुपये गेले असते. दहा जणींचा गट, महिन्याला शंभर रुपये बचत. नऊ महिन्यांची बचत झाली ती.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरचं जरा उलटं आहे. त्यांच्या जुन्या डेस्कटॉपच्या बऱ्याच मॉडेलांत नावाच्या शेवटी 'जी' असेल तरच आत ग्राफिक्स असतं. म्हणून कोटेशन आलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव, अक्षरासकट, लिहून घ्यायचं. "आय फाइव्ह आहे" एवढ्यावर समाधान मानायचं नाही. गाय घेताना आपण नुसतं "जर्सी आहे" ऐकून पैसे देतो का? वेत विचारतो, दात बघतो.

आता हातातल्या कॉम्प्युटरकडे येते. परवा एका बैठकीत विचारलं, तुमच्यापैकी किती जणींनी कॉम्प्युटर वापरलाय? दोन हात वर आले. मग विचारलं, मोबाइल किती जणींकडे आहे? सतरा हात. मैत्रिणींनो, तो मोबाइल कॉम्प्युटरच आहे. त्यात प्रोसेसर आहे, साठवण आहे, आणि ग्राफिक्सही आहे, त्याच चिपमध्ये बसवलेलं. एसटीतल्या कंडक्टरचं तिकिटाचं मशीन, रेशन दुकानातलं ई-पॉस, बँक सखीच्या हातातलं मायक्रो एटीएम, हे सगळे हातात मावणारे कॉम्प्युटर.

रेशनच्या मशीनबद्दल एक गैरसमज फार आहे. अंगठा लागला नाही की बाया म्हणतात, "मशीननं माझं नाव कापलं." मशीन नाव कापत नाही. ते तुमचा अंगठा घेऊन दूरच्या सर्व्हरला विचारतं आणि आलेलं उत्तर दाखवतं. रेंज नसेल, बोटं कामानं झिजलेली असतील, तर उत्तर येत नाही किंवा नकार येतो. नाव यादीतून गेलं असेल तर तो निर्णय कुठल्यातरी कार्यालयात झालेला असतो आणि दाद तिथंच मागायची. मशीनवर राग काढून धान्य मिळत नाही, आणि दुकानदाराशी भांडून नाव परत येत नाही.

दुसरा गैरसमज, मोबाइलवर लिहायचं म्हणजे अंगठ्यानंच. आमच्या लेखापाल वहिनींचे अंगठे दुखायला लागले होते. ओटीजी नावाची एक छोटी जोडणी मिळते, तिच्यातून साधा कीबोर्ड बहुतेक मोबाइलला लागतो. वहिनी आता तशाच टाइप करतात.

तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगते, मला फार आवडलेली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि तिथल्या काही इंजिनिअर लोकांनी मिळून २००१ साली हातात मावणारा एक कॉम्प्युटर दाखवला होता. नाव सिम्प्युटर. आपल्यासारख्या खेड्यांतल्या माणसांसाठी तो बनवला होता. पडद्याला काडीनं स्पर्श करून चालायचा आणि भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवायचा. एकेकट्याला परवडणार नाही म्हणून अख्ख्या गावानं एक घ्यायचा, आणि प्रत्येकानं आपलं स्मार्ट कार्ड घालून स्वतःची माहिती उघडायची, अशी कल्पना होती. म्हणजे बचत गटाचीच रीत! २००४ मध्ये तो बाजारात आला, पण अपेक्षेपेक्षा फारच कमी विकला गेला. पुढं मोबाइल स्वस्त झाले आणि तो मागे पडला. त्यावर चालायचं ते लिनक्स.

लिनक्स म्हटलं की बाया विचारतात, हे काय नवीन? नवीन नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं ते सुरू केलं. विंडोज जसं कॉम्प्युटर चालवतं तसंच लिनक्सही चालवतं. तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. म्हणजे ज्या ताई मला म्हणाल्या, "आपल्याला नाही बाई जमायचं लिनक्स," त्या ते वाक्य व्हॉट्सॲपवर, लिनक्सच्या गाभ्यावरच, बोलून पाठवत होत्या. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे कॉम्प्युटरांची यादी निघते, तीही २०१७ पासून सगळी लिनक्सवर चालते.

"फुकट आहे म्हणजे चोरीचं असणार," हा गैरसमज सर्वांत मोठा. खरं तर उलट आहे. लिनक्स गावठी बियाण्यासारखं आहे. घ्या, पेरा, शेजारणीला द्या, सुधारता आलं तर सुधारा. तशी परवानगी त्याच्या परवान्यातच लिहिलेली आहे. याउलट दुकानदार जे "विंडोज फ्री टाकून देतो" म्हणतो, ते बऱ्याचदा बिनपरवान्याचं असतं. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर तसंच होतं. पडद्याच्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट करा" असं कायम दिसायचं आणि आम्ही ती शोभा समजत होतो. त्या वेळी बिलावर सही माझीच होती.

मराठी चालत नाही म्हणतात, तेही चूक. युनिकोड मराठी लिनक्सवर नीट दिसते, टाइपही होते. लिबर ऑफिस नावाचं वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या सूचनासुद्धा मराठीत करून घेता येतात. गोंधळ होतो तो जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टचा. त्यात टाइप केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की भलतीच अक्षरं दिसतात. हे विंडोजवरही होतं. दोष त्या फॉन्टच्या पद्धतीचा आहे. नवीन टायपिंग युनिकोडमध्येच करा.

पण लिनक्सचं नुसतं कौतुक करून मी तुम्हाला खड्ड्यात घालणार नाही. त्यावर टॅली सरळ चालत नाही. अंगठ्याची आधार मशीनं मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनवलेली असतात, म्हणून बँक सखीनं किंवा सेवा केंद्र चालवणारीनं नादाला लागू नये. वर्डची फाइल उघडते, पण कधी कधी तक्ते इकडचे तिकडे होतात. आणि "लिनक्सला व्हायरस लागत नाही" यावर विसंबू नका. व्हायरस कमी लागतात हे खरं, पण फोनवर गोड बोलून कुणी ओटीपी मागितला आणि आपण दिला, तर कॉम्प्युटर कुठलाही असो, पैसे जातातच.

मागच्या महिन्यात एक ताई काळजीत होत्या. मुलगा पुण्याला शिकतो, त्याला स्टीम डेक नावाचं हातातलं यंत्र हवंय. ताई म्हणाल्या, "एवढं महाग खेळणं?" ते मुख्यतः गेमसाठीच आहे, हे खरं. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०२२ मध्ये आणलं. पण गंमत बघा, आजचे तिन्ही विषय त्या एका यंत्रात आहेत. हातात मावतं, लिनक्सवर चालतं, आणि एवढे गेम चालवूनही त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्या चिपमध्येच ग्राफिक्स आहे. कीबोर्ड आणि पडदा जोडला तर त्यावर पत्रही टाइप होतं. घ्यायचं की नाही ते त्या मायलेकांनी ठरवावं. माझं मत विचाराल तर आधी फी भरा.

आमच्या ग्रामसंघाचं काय झालं ते राहिलंच. नवीन कॉम्प्युटर आम्ही घेतला नाही. जुना होता, त्याच्या विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर कंपनीकडून नेहमीची सुरक्षा दुरुस्ती मिळणं बंद झालं, आणि विंडोज ११ त्याच्यावर बसेना. दुकानदाराच्या भाषेत तो भंगार. मावशींच्या मुलानं आधी पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स मिंट चालवून दाखवलं. तसं करता येतं, काहीही न पुसता. प्रिंटर चालतो का, मराठी येते का, आवाज येतो का, सगळं तपासलं. मग फाइली दुसरीकडे काढून ठेवल्या आणि जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली. रॅम चार जीबीची आठ केली. खर्च ४,७०० रुपये, पावतीसह. पूर्वी सुरू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ घ्यायचा, आता पातेलं चुलीवर ठेवेपर्यंत तयार असतो.

पहिल्या आठवड्यात वहिनी वैतागल्या. बटणं जागेवर नाहीत, एमएस-सीआयटीत शिकलेलं इथं दिसत नाही. पंधरा दिवसांनी वैताग कमी झाला. हिशोब तपासणाऱ्या साहेबांना एक्सेलची फाइल लागते, ती लिबर ऑफिसमधून तशीच साठवून पाठवतो. अजून तक्रार आलेली नाही.

अध्यक्ष काकूंनी ४,७०० च्या ठरावावर सही केली, पण त्याआधी पावतीवरची प्रत्येक ओळ मला वाचून दाखवायला लावली आणि प्रत्येक ओळीला विचारलं, "हे कशाला?" या वेळी मला सांगता आलं. वाचलेल्या पैशातून मसाल्याच्या पिशव्या बंद करायचं सीलिंग मशीन घ्यायचंय. त्याची तीन कोटेशनं आली आहेत, ती सोमवारच्या बैठकीत उघडू.