फळांचा राजा, प्रेतांचा सम्राट



मोर्च्याचे फलक रंगवण्यात आम्हां संघटनेच्या माणसांची हयात जाते. त्यामुळे सत्ताधाऱ्याचे व्यंगचित्र दिसले की आम्ही प्रथम विचारतो, हे काढले केव्हा? तो गादीवर असताना, की पडल्यावर?

१५९० च्या सुमारास आर्चिंबोल्दो या मिलानच्या चित्रकाराने सम्राट दुसरा रुडॉल्फ याचा चेहरा फळाफुलांतून, भाज्यांतून आणि कणसांतून रचला. नाकाच्या जागी चक्क नासपती! पण ही थट्टा नव्हे. ऋतूंचा देव व्हर्तुम्नस म्हणून सम्राटाची ती स्तुती होती. देशातला सारा सुकाळ त्याच्या एकट्याच्या अंगी आला होता. नांगर कोणी धरला, हे अर्थातच चित्रात नाही.

आता बर्लिनला चला. १८१३ च्या ऑक्टोबरात नेपोलियन लाइपझिगला हरला. गादी अजून सुटली नव्हती, पण सुटणार हे दिसू लागले होते. त्या सुमारास तेथे एक छापील चित्र निघाले. दुरून पाहावे तर सम्राटाची एका बाजूने काढलेली रुबाबदार छबी. जवळ जावे तर कपाळ, गाल, हनुवटी सारी उघड्यानागड्या प्रेतांची! अंगरख्यावर लढाईच्या मुलखाचा नकाशा आणि छातीवर मानचिन्हाच्या जागी कोळ्याचे जाळे. युक्ती आर्चिंबोल्दोचीच, माल तेवढा बदललेला. सक्तीने भरती केलेली शेतकऱ्या-कारागिरांची पोरे, ज्यांचे चित्र कोणी दरबारी चितारी कधी काढता ना, ती येथे सम्राटाच्या तोंडावरच येऊन बसली आहेत.

चित्राच्या नकला लंडनपर्यंत निघाल्या. पण टोपीच्या जागी जो गरुड बसवला आहे, तो प्रशियाचा! प्रेतांचा सगळा हिशेब एकट्या नेपोलियनच्या नावे. प्रशियाच्या राजाने रणात धाडलेल्यांचे खाते कुठेच नाही. पडत्या राजाची टर उडवायला दुसऱ्या राजाची परवानगी मिळते ती अशी.

फ्रान्सच्या दोमिएचे तसे नव्हते. १८३१ साली त्याने लुई-फिलिप राजाला गरिबांचा पैसा गिळणारा राक्षस केले, ते राजा गादीवर असताना. त्याबद्दल त्याला सहा महिन्यांची कैद झाली. १८४८ मध्ये राजा पळाला, तेव्हा प्रेताला लाथ मारण्याची संधी दोमिएलाही होती. त्या मार्चमध्ये त्याने काय काढले, तर राजवाड्यात घुसलेले पॅरिसचे एक फाटके पोर. सिंहासनस्थ राजाचे चित्र काढण्याची जी जुनी दरबारी चाल, तिच्यात त्याने या पोराला बसवले. राजा चित्रात नाहीच. पोर त्या मऊ गादीत रुतत चालले आहे, आणि माणूस हिच्यात किती खोल जातो, याचाच त्याला अचंबा वाटतो आहे.