गिटार, ब्रश आणि करारपत्र



कामगार चळवळीतल्या माणसाने इंग्लंडातल्या एका गिटारवादक चित्रकारावर का बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. जॉन स्क्वायरच्या आयुष्यात एक करारपत्र आहे, आणि करारपत्र म्हटले की आमचे कान टवकारतात, एवढेच आमचे उत्तर.

हा माणूस १९६२ सालचा, मँचेस्टरच्या बाजूचा. १९८३ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘द स्टोन रोझेस’ या बँडचा तो गिटारवादक. बँडला नाव मिळण्यापूर्वी तो कॉसग्रोव्ह हॉल या स्टुडिओत बाहुलीपटांसाठी नमुने घडवीत असे. बँडच्या तबकड्यांची वेष्टनेही त्यानेच रंगविली. १९८९ च्या पहिल्या अल्बमचे वेष्टन पाहावे. रंगाचे शिंतोडे आहेत, फ्रान्सच्या झेंड्याचे तीन पट्टे आहेत आणि लिंबाच्या चकत्या आहेत. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी अश्रुधुरावर उतारा म्हणून लिंबू वापरले, त्याची ती आठवण. (आमचा उतारा ओल्या रुमालाचा; लिंबू आम्हांला सुचले नाही.) शिंतोड्यांची रीत मात्र अमेरिकेच्या जॅक्सन पोलॉककडून उसनी घेतलेली, आणि ती उसनवारी त्याने लपविलीही नाही.

आता भांडणाकडे वळू. त्यांच्या जुन्या कंपनीने एक जुने गाणे त्यांच्या मनाविरुद्ध नव्या चित्रफितीसह पुन्हा बाजारात आणले. १९९० च्या जानेवारीत चौघे वुल्व्हरहॅम्प्टनला गेले आणि त्या कंपनीच्या कचेरीवर त्यांनी रंग ओतला. प्रत्येकी ३,००० पौंड दंड झाला. राग खरा होता. पण असल्या रागाने मालकाचे फारसे काही बिघडत नाही, हे आमच्या धंद्यात नवखाही जाणतो.

खरी लढाई पुढच्या वर्षी, दुसऱ्या कंपनीशी झाली. सिल्व्हरटोन कंपनीशी केलेला करार लंडनच्या हायकोर्टाने १९९१ मध्ये बंधनकारक नाही असे ठरविले. धंद्याच्या स्वातंत्र्यावर तो गैरवाजवी निर्बंध घालतो, असा तो निकाल. सही केली म्हणजे माणूस कायमचा विकला जात नाही, हे न्यायाधीशाच्या तोंडून ऐकावयास मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण किंमतही पडली. खटल्याच्या काळात नवे ध्वनिमुद्रण रखडले आणि दुसरा अल्बम थेट १९९४ च्या डिसेंबरात आला. कागद फाटला, तरी गेलेली उमेदीची वर्षे कोणते कोर्ट परत करणार?

१९९६ मध्ये त्याने बँड सोडला. दुसरा बँड काढला, तो १९९९ पर्यंत टिकला. २००४ चा त्याचा अल्बम चित्रकार एडवर्ड हॉपरच्या चित्रांवर बेतलेला. त्याच वर्षी त्याची चित्रप्रदर्शने सुरू झाली. २००७ मध्ये संगीत सोडून केवळ चित्रे काढणार असे त्याने जाहीर केले. वादकाला चित्रकलेचा छंद जडला, असे काहींनी म्हटले. आम्हांस हे पटत नाही. नमुने घडविणाऱ्या, वेष्टने रंगविणाऱ्या हाताला छंदिष्ट म्हणावयाचे, तर मग कारागीर कोणाला म्हणावयाचे?

२००९ मध्ये त्याने एका कलाकृतीवरच लिहून टाकले की जुन्या बँडचे थडगे उकरण्याची आपली इच्छा नाही. २०११ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, आणि २०१२ च्या जूनमध्ये मँचेस्टरच्या हीटन पार्कात हजारोंसमोर स्क्वायर गिटार वाजवीत उभा होता. लोक हसले. आम्ही हसलो नाही; या वेळी त्याला परत कोणत्याही कागदाने आणले नव्हते. २०२४ मध्ये लियम गॅलघरबरोबर त्याचा आणखी एक अल्बम निघाला.