गावाला रेंज आहे, पाड्याला नाही
(जिल्हा मेळाव्यात मुंबई उपनगर जिल्ह्यातील कार्यकर्त्याने केलेले भाषण)



मी मुंबई उपनगर जिल्ह्यातून आलो आहे असे मघाशी सांगितले गेले, तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटले. त्यात तुमची चूक नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे ऐकली की डोळ्यांपुढे लोकलची गर्दी येते, भाताची खाचरे येत नाहीत. पण गोरेगाव स्टेशनला पूर्वेकडे उतरा आणि आरेत शिरा. वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे २७ पाडे तिथे आहेत. पुढे राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातही पाडे आहेत. पावसाळ्यात आम्ही भात लावतो, भाजी करतो, रानभाजी खुडतो आणि पहाटे टोपल्या घेऊन स्टेशनबाहेर विकायला बसतो. सातबारा आमच्या नावावर नाही, पण घाम आमचाच आहे.

आज मला रेंजबद्दल बोलायचे आहे. आमच्या पाड्यावरून रात्री पाहिले तर चारी बाजूंना उंच इमारतींचे दिवे दिसतात. त्या इमारतींवर टॉवर आहेत. आणि आमच्या घरात फोन म्हणजे घड्याळ आणि बॅटरी! बोलायचे असेल तर टेकडीवरच्या खडकावर जायचे. १८६० साली मुंबईला पाणी पाजायला विहार तलाव बांधला, तेव्हापासून धरण उशाला आणि कोरड घशाला हा अनुभव आमच्या भागाला आहे. आता टॉवर उशाला आहे आणि कोरड कानाला.

कोणी म्हणेल, फोन ही चैन आहे. तर ऐका. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि शिक्षण फोनवर आले. माझ्या भावाची मुलगी नववीत होती. जून-जुलैच्या पावसात ती छत्री धरून त्या खडकावर बसायची. संध्याकाळ झाली की बिबट्याच्या भीतीने तिला खाली बोलवावे लागे, मग मास्तरांचा धडा अर्धा राहिला तरी. दुसरी गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षीची. शेजारच्या माणसाला रात्री साप चावला. १०८ ला फोन लावायला त्याचा मुलगा अंधारात खडकापर्यंत पळाला. माणूस वाचला. पण खडकापर्यंतची ती पंधरा मिनिटे आमच्या पाड्याने मोजली आहेत. ज्यांच्या खिशात पाच कांड्या रेंज असते त्यांनी आम्हाला चैन शिकवू नये.

आता व्यापाराचे बोलू. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाईल आला. टॉवर किनाऱ्यालगत होते, म्हणून समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत फोन लागायचा. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या मच्छीमारांचा हिशेब मांडला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. फोन येण्यापूर्वी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून द्यायची आणि थोड्या अंतरावरच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचे. फोन आल्यावर नावाडी आधी भाव विचारू लागला आणि मग होडीचे तोंड वळवू लागला. मासळी वाया जायची थांबली. मच्छीमाराचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली. सरकारने यात कसलीही सबसिडी दिली नव्हती. शेतकऱ्याला बाजाराची बातमी मिळाली की तो काय करतो, त्याचा हा हिशेब आहे. आमच्या जिल्ह्यातला मढ-गोराईचा कोळी असो की तुमचा भाजीवाला, बातमी ज्याच्याकडे आधी पोचते भाव त्याचा, हे तुम्हाला आडत्याच्या ओट्यावर समजलेलेच आहे.

मग रेंज का नाही? इतिहास पाहा. टेलिफोन सरकारच्या मुठीत होता तेव्हा अर्ज करून वर्षानुवर्षे नंबर लागत नसे. १९९५ च्या ३१ जुलैला देशात पहिला मोबाईल फोन लागला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या शहरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले. तेव्हा मोबाईलवर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. पुढे कंपन्या वाढल्या, चढाओढ झाली, दर कोसळले. मुक्त बाजाराने हे करून दाखवले आणि आपण ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण टॉवर उभा करायला जागा लागते, वीज लागते, मागे तार किंवा दुसऱ्या टॉवरची जोड लागते आणि खर्च भरून काढायला गिऱ्हाईक लागते. चाळीस घरांच्या पाड्यासाठी कंपनी आपणहून येत नाही. शिवाय मध्ये टेकडी आली, दाट झाडी आली की लहरी अडतात. जास्त वेगाचे इंटरनेट देणाऱ्या वरच्या पट्ट्यातल्या लहरी तर फार लवकर अडतात. त्यात आमच्याकडे जागेचा घोळ. आरेची जमीन दुग्धविकास खात्याची, त्यातली ८१२ एकर २०२१ साली राखीव वन झाली. आम्ही अर्ज घेऊन गेलो तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले आणि दुसऱ्याने पहिल्याकडे. कंपनीला यायला परवानगी नाही आणि आम्हाला मागायला दार नाही.

अशा जागांसाठीच सरकारने निधी केला आहे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या ठरावीक उत्पन्नातले ५ टक्के खेड्यापाड्यांत सेवा पोचवण्यासाठी वेगळे घेतले जातात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचे नाव डिजिटल भारत निधी झाले. कंपनी हे पैसे घरचे देत नाही, आपल्या रिचार्जमधून देते. म्हणजे खडकावर बसून रिचार्ज मारणारा आमचा पोरगाही त्यात भर घालतो. त्यातली मोठी रक्कम वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिली. तेव्हा टॉवर मागताना कोणी उपकाराची भाषा केली तर त्याला सांगा, आम्ही आगाऊ पैसे भरलेले गिऱ्हाईक आहोत.

आता खरी मेख ऐका. हा पैसा खर्च करताना सरकार मोजते काय? गावे मोजते. २०११ साली मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हटली गेलेली योजना ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्यासाठी निघाली. जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची फोर-जीची योजना मंजूर झाली, तीही सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांची. आमच्या जिल्ह्यात जिल्हा परिषद नाही, एकही ग्रामपंचायत नाही. सगळा मुलूख महापालिकेचा. कागदावर आम्ही मुंबईकर, आणि मुंबईत रेंज नाही असे कोण म्हणेल? गाव नाही म्हणून गावाच्या योजनेत नाही आणि शहर आहे म्हणून कोणाच्या काळजीत नाही.

हे आमचे रडगाणे समजू नका. तुमच्याकडेही हेच आहे. गावठाणात टॉवर लागला की वहीत गावापुढे खूण होते. पण डोंगरापलीकडचा पाडा, नदीकाठचे शिवार यांचे काय? ई-पीक पाहणीचा फोटो काढायला शेतात उभे राहावे लागते, गावठाणात नव्हे. साप बांधावर चावतो. म्हणून माझे म्हणणे एकच आहे. सेवा गावावर मोजू नका, पाड्यावर आणि शिवारात मोजा.

शरद जोशी शेतकऱ्यांमध्ये येण्याआधी टपाल खात्यात होते आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघात होते. त्या टपालाचे तत्त्व आठवा. १८५४ साली अर्ध्या आण्याच्या तिकिटात हलके पत्र देशात कुठेही जाऊ लागले. अंतर कितीही असो, दर एकच. पत्र पत्त्यावर पोचवायचे असते, तालुक्याला टाकून भागत नाही. एकोणिसाव्या शतकात कागदाला जे जमले ते आज आवाजाला जमत नाही, हे मी मानायला तयार नाही.

तोपर्यंत हातावर हात धरून बसायचे नाही. आपल्या हातातली कामे सांगतो. पाड्यावर ज्यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन आहेत त्यांना एकत्र करा आणि सकाळ-संध्याकाळ घराघरात, बांधावर, विहिरीवर कोणाची रेंज लागते ते लिहून काढा. कांड्यांवर जाऊ नका. फोनच्या सेटिंगमध्ये आकडा दिसतो. उणे ८५ च्या आसपास असेल तर चांगली रेंज, उणे ११०च्या खाली गेला की बोलणे तुटणार. जी कंपनी बरी निघेल तिच्याकडे जा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे. उंच जागी रेंज असेल तर चार घरांनी वर्गणी काढून सिमकार्डचा राऊटर तिथे बसवावा आणि त्याचे वाय-फाय घेता येईल तेवढे घ्यावे. वाय-फायवरून साधा फोनही लावता येतो. मात्र रेंज वाढवतो म्हणून बाजारात मिळणारे बूस्टर घेऊ नका. विनापरवाना लावणे बेकायदा आहे आणि त्याने शेजाऱ्याची रेंजही बिघडते.

आणखी एक. २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना आपली सेवा कुठे आहे याचे नकाशे संकेतस्थळावर लावणे भाग पडले आहे. तुमचा लिहून काढलेला कागद त्या नकाशाशेजारी ठेवा. जिथे नकाशा रंगवलेला आहे आणि फोन मुका आहे, तिथे कंपनीकडे १९८ वर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक घ्या आणि दाद लागली नाही तर वर अपील करा. जिथे नकाशाच कोरा आहे, ते पाडे निधीच्या यादीत घाला म्हणून एकत्र अर्ज करा. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो, शंभर पाड्यांच्या नोंदींचा गठ्ठा टोपलीत मावत नाही.

आम्हाला फुकटचा डेटा नको. दाम मोजतो, माल द्या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या एका पाड्याचा कागद घेऊन यावा एवढेच मागणे आहे. आमच्या पाड्याचा कागद मी आजच आणला आहे. खडकापासून खालच्या शेवटच्या घरापर्यंतच्या नोंदी त्यात आहेत. ती मुलगी आता मोठी झाली आहे. हा कागद तिनेच लिहिला.